दुमडलेलं गॅस्केट

ती कोल्हापुरात परत राहायला आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचल्यावर कुणाला ते खरं वाटणार नाही.

आम्ही दोघी इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. मेकॅनिकलच्या अख्ख्या वर्गात मुली दोनच, ती आणि मी. प्राध्यापकांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे आम्हाला 'त्या दोघी' म्हणायचे. निकाल लागला की मात्र दोघी वेगळ्या व्हायच्या. तिचा नंबर पहिला, माझा दुसरा. चार वर्षांत त्यात फरक पडला नाही. मी पहाटे उठून अभ्यास करायची. ती परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वह्या घेऊन जायची आणि सकाळी वर्गाबाहेर उभी राहून माझ्याच वहीतलं गणित मला समजावून सांगायची. "अगं, सोपं हाय की," म्हणायची. तिला ते खरंच सोपं असायचं, त्यात तोरा नव्हता. तोरा असता तर तिचा राग करणं मला सोपं गेलं असतं.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि दोन महिन्यांत तिचं लग्न झालं. गारगोटीचं शेतकरी घर, माणसं चांगली, घरचीच दुधाची डेअरी. मला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिच्या लग्नात अक्षता टाकताना माझ्या मनात आलं, आता आपल्या पुढं कुणी नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मधली पंधरा-सोळा वर्षं माझी चांगली गेली. आमचा कारखाना आधी दुसऱ्यांसाठी मोटरी आणि ब्लोअर बनवायचा. मग मालकांनी स्वतःचा व्हॅक्यूम क्लीनर काढायचं ठरवलं, तोही बिनपिशवीचा, आणि ते काम माझ्याकडं आलं. पिशवीच्या मशिनमध्ये धूळ पिशवीत गोळा होते. बिनपिशवीच्या मशिनला एक गोल पारदर्शक भांडं असतं. हवा त्यात कडेनं शिरते आणि वावटळीसारखी गरगर फिरते. फिरता फिरता धूळ भिंतीकडं फेकली जाते, घसरून तळाला बसते, आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. ऐकायला सरळ आहे. अडचण आहे ती बारीक धुळीची. ती इतकी हलकी की भिंतीपर्यंत पोचायच्या आतच हवेबरोबर वर जाते आणि शेवटच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. फिल्टर तुंबला की मशिन नुसतं ओरडतं, ओढत काही नाही. ही बारीक धूळ हवेतून वेगळी कशी काढायची, हे माझं काम. वर्षानुवर्षं मी त्यात थोडी थोडी सुधारणा करत आले होते. पुरतं जमलं नव्हतं. पण आमच्या कारखान्यात या गोष्टीतलं माझ्याहून जास्त कुणाला कळत नव्हतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

या काळात मी तिच्या घरी एकदाच गेले. कारखान्याच्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, म्हणून गाडी वाकडी करून गारगोटीला गेले. ती मागच्या अंगणात दुधाच्या किटल्या घासत बसली होती. मला बघून तशीच ओल्या हातांनी उठली, मिठी मारली, माझ्या पाठीवर राखेचे दोन पंजे उमटले. चहा घेताना तिनं मला कामाबद्दल विचारलं. हवा किती वेगानं फिरते, भांड्याचा आकार कसा ठरवता, सगळं. मी गरजेपेक्षा जास्त बोलले. परदेशातलं प्रदर्शन बघून आले होते, तेही सांगितलं. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. परत येताना गाडीत मला फार बरं वाटत होतं, पोट भरून जेवल्यासारखं.

मग एका उन्हाळ्यात तिचा फोन आला. "लेकीला अकरावीला कोल्हापुरात घालायचं ठरलंय. आम्ही दोघी तिथं खोली घेऊन राहणार. मला काम बघ की कुठंतरी. कायबी चालंल."

आम्ही शाहूपुरीत एका कोल्ड्रिंकच्या दुकानात भेटलो. तिनं प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या गुणपत्रिका आणल्या होत्या. कागद पिवळे पडले होते, पण आकडे तेच, मला पाठ असलेले. तिनं ते टेबलावर मांडले आणि म्हणाली, "सोळा वर्षं झाली गं. डोकं गंजलं असंल."

"छे, काहीतरीच काय," मी म्हणाले. मनात म्हणाले, असेल.

मालकांकडं मी शब्द टाकला. आमच्या टेस्टरूममध्ये जागा होती. काम साधं. मशिनमध्ये मोजून धूळ सोडायची, मशिन चालवायचं, भांड्याचं आणि फिल्टरचं वजन घ्यायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर ती माझ्या हाताखाली रुजू झाली. पहिले काही महिने मी तिला शिकवत होते आणि ती शिकत होती. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा काळ होता.

तो फार टिकला नाही. ती मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं बिनधास्त "मी येतो," "मी जातो", आणि 'पण'च्या जागी 'खरं' म्हणायची. मी नोकरी लागल्यावर ते प्रयत्न करून सोडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत लोक तिच्याभोवती जमायला लागले. कुणाच्या मशिनचा आवाज बदलला की तो ऑपरेटर मला सोडून तिला बोलवायचा. मालक मला म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीचं काय मत आहे, विचारा जरा." एकदा रविवारी ती आमच्या घरी आली होती. माझ्या लेकीचं भूमितीचं एक प्रमेय अडलं होतं, मी तिला ते दोनदा समजावलं होतं. हिनं जेवता जेवता ताटात भाताचा त्रिकोण करून ते सांगितलं. लेक म्हणाली, "मावशी, किती सोपं आहे हे!" आणि माझा नवरा कौतुकानं हसला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पातेली हलवली.

चैत्रात ती एक मशिन घरी घेऊन गेली. "घरात वापरून बघितल्याबिगर काय कळणार?" म्हणाली. माझ्या घरी आमचंच मशिन होतं, पण ते कामवाल्या मावशी वापरायच्या. त्याच आठवड्यात तिचं सासरचं माणूस न् माणूस जोतिबाची यात्रा करून तिच्या खोलीवर उतरलं. यात्रेला गेलेला माणूस परत आला की त्याच्या केसांत, कानांत, चपलांत गुलाल असतो. महिनाभर घरातून तो जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलाशी आली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला फिल्टर तिनं उघडून समोर ठेवला. पांढरा फिल्टर गर्द गुलाबी झाला होता.

"भांड्यात काय हाय बघितलो," ती म्हणाली. "तांदूळ हाय, केस हाय, खोबऱ्याचं तुकडं हाय. गुलाल कुठं हाय? सगळा हितं. आणि जेवढा हितनं सुटला तेवढा मागच्या भिंतीवर. घरमालकीण म्हणाली, रंगपंचमी घरातच केलासा काय?"

मी हसले.

"हसू नको. बारीक धूळ कुठं जाती ती पहिल्यांदाच डोळ्यानं दिसली मला," ती खुर्ची ओढून बसली. "मोठं भांडं हाय तसं राहू दे. त्येच्या पुढं बारके बारके शंकू लावूया, आठ-दहा, गोलात. भांडं जेवढं अरुंद, तेवढी हवा चपळ फिरणार. मग बारीक धूळबी भिंतीला जाणार. का न्हाय?"

ऐकता ऐकताच मला कळलं की ती बरोबर आहे. मला ते आधीपासून माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी मी हेच करून बघितलं होतं.

"झालंय ते करून," मी म्हणाले. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि ते पान तिच्यापुढं धरलं. लहान शंकूंची चाचणी, फिल्टरचं वजन आधीचं आणि नंतरचं, आणि खाली माझ्या अक्षरात शेरा : फायदा नाही, उलट धूळ वाढली.

तिनं ते पान दोनदा वाचलं. "व्हय की," असं हळू आवाजात म्हणाली, फिल्टर परत कागदात गुंडाळला आणि गेली.

आता त्या चाचणीचं खरं काय होतं ते सांगते. फिरत्या हवेच्या मधोमध दाब कमी असतो. शंकूच्या तळाशी जिथं धूळ साठते, तिथं बाहेरची चिमूटभर हवा जरी आत शिरली, तरी ती मधून वर उसळते आणि साठलेली धूळ उचलून थेट फिल्टरमध्ये नेऊन टाकते. म्हणून तळाच्या झाकणाला रबरी गॅस्केट घट्ट बसवावं लागतं. त्या दिवशी ते मी माझ्या हातानं बसवलं होतं. चाचणी फसली, मालकांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "सोडा हे, दुसरं काहीतरी बघा." ते गेल्यावर मी झाकण उघडलं. गॅस्केट एका ठिकाणी दुमडलं होतं, बोटभर फट राहिली होती. चाचणी शंकूंमुळं नाही, माझ्यामुळं फसली होती. मालकांच्या मागं पळत जाऊन ते सांगायची मला लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं. उद्याची पाच वर्षं झाली. मी दुसऱ्या गोष्टींत गुंतले, आणि खरं सांगायचं तर नंतर नंतर माझाही त्या शेऱ्यावर विश्वास बसला होता.

पण त्या सकाळी गुलाबी फिल्टर बघितला तेव्हा मला दुमडलेलं गॅस्केट लख्ख आठवलं. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी रजिस्टर दाखवलं. का, तर ती करून दाखवेल, आणि लोक म्हणतील की जे हिला इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिनं सहा महिन्यांत केलं. लोक तसंच म्हणाले असते. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर ती थोडी शांत झाली. सांगितलेलं काम करायची, वजनं लिहायची. सुचवणं बंद झालं. बैठकीत मालकांनी काही विचारलं की आधी माझ्याकडं बघायची. मला ते आवडत होतं. इकडं विक्रेत्यांच्या तक्रारी वाढत होत्या, फिल्टर तुंबतो, ओढ जाते. मालक म्हणत होते, दिवाळीच्या आत काहीतरी करा. मी जाड फिल्टर, धुता येणारा फिल्टर, असं काही काही करत होते आणि धूळ तिथंच होती.

गौरी-गणपतीच्या आधीच्या रविवारी मी पिठाचा डबा करून घ्यायला एका पत्र्याच्या दुकानात गेले. गल्लीतलं जुनं दुकान, बाप-आज्यापासून डबे, नरसाळी, कंदील करणारे. दुकान चालवणारे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी कारखान्यात असते हे त्यांना माहीत होतं. डब्याचं माप घेता घेता ते म्हणाले, "तुमच्या कारखान्यातल्याच एक बाई येतात की माझ्याकडं. मोठ्यानं बोलतात बघा त्या."

"कशाला येतात?"

"नरसाळी करून नेतात. बारकी बारकी. असली नरसाळी जन्मात केली नव्हती मी." "ह्ये आज संध्याकाळी न्यायला येणार हायत," म्हणत त्यांनी फळीवरून एक खोका खाली घेतला. आत पत्र्याचे आठ निमुळते शंकू होते, एकसारखे, वर कडेनं हवा जायला छोटं तोंड, खाली टोकाशी भोक, आणि सगळ्यांच्या खाली बसेल असा एक डबा. जोड इतके सफाईदार की नख लागत नव्हतं.

"तीन वेळा परत केलं मला ह्ये," चाचा अभिमानानं सांगत होते. "आधी डब्यात पाणी भरून ठेवायला लावलं. एक थेंब गळला तरी न्हाय घेतलं. मी म्हटलं, बाई, हवाच जाणार हाय न्हवं ह्येच्यातनं, एवढं काय? तर म्हणाल्या, चाचा, वरनं गळलं तर चालंल, खालनं गळता कामा न्हाय."

खालनं गळता कामा नये, हे तिला कळलं होतं. रजिस्टरच्या त्या एका पानावरून, 'उलट धूळ वाढली' एवढ्या तीन शब्दांवरून, तिनं फट शोधून काढली होती. मी डब्याचं माप अर्धवट टाकून घरी आले.

त्या दिवशी मी काय केलं असतं तर बरं झालं असतं, ते मला माहीत आहे. जे केलं ते असं. सोमवारी सकाळी, ती यायच्या आधी, मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, ती जुनी लहान शंकूंची चाचणी मला परत करायचीय. माझ्या डोक्यात आलंय की तेव्हा बहुतेक तळाशी गळती होती."

मालक खूश झाले. ती आल्या आल्या तिला आत बोलावलं. "मॅडमना एक जुनी कल्पना परत करून बघायचीय," ते म्हणाले. "लहान शंकूंची. तुम्ही त्यांना मदत करा."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या खांद्याला मोठी कापडी पिशवी होती आणि त्यातून खोक्याचा कोपरा बाहेर आला होता. ती ते त्याच दिवशी घेऊन आली होती, दाखवायला. तिनं पिशवी पाठीमागं सरकवली आणि म्हणाली, "व्हय सर. करूया की."

टेस्टरूममध्ये आल्यावर तिनं दार लावून घेतलं. ब्लोअर बंद होता, खोलीत काही आवाज नव्हता. तिनं खोका टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्या मला विचारलं, "एकच विचारतो. गळती होती हे तुला आत्ता सुचलं, का तवाच माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. तिच्या तोंडाकडं बघून बोलवेना.

"तेव्हाच," मी म्हणाले. "गॅस्केट दुमडलं होतं. मीच बसवलं होतं."

"आणि चैत्रात मी फिल्टर घेऊन आलतो तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू करून दाखवशील म्हणून."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं. ती स्टुलावर बसली आणि हाताची घडी घालून जमिनीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ते पान वाचून घरी गेलो न् रडलो मी. म्हटलं, आपलं डोकं गेलं. सोळा वर्षं धारा काढल्या, किटल्या घासल्या, आता आपल्याला साधं गणितबी कळंना. पाच महिने मी माझ्या डोक्याला शिव्या घालत होतो." खोक्यावर हात ठेवून म्हणाली, "कल्पना तुझी म्हणून सांगितलीस त्येचं काय न्हाय गं. ते तू पाच वर्षांपूर्वी केलंतंस, तुझीच हाय. खरं, मला माझ्यावर संशय घ्यायला लावलास."

मी इतके दिवस माझ्याच जळण्याचा विचार करत होते. त्याची झळ तिला कुठं लागली असेल, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

दुपारी मी जुनं रजिस्टर काढलं, त्या शेऱ्याखाली लिहिलं की तळाचं गॅस्केट दुमडलेलं होतं, चाचणी ग्राह्य धरू नये, आणि सही केली. तेच रजिस्टर घेऊन मालकांकडं गेले. सगळं सांगितलं. गॅस्केटचं, चैत्रातलं, आणि सकाळी मी जे माझं म्हणून सांगितलं ते तिनं स्वतः शोधून, स्वतः करूनही आणलंय, हेही. मालकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग दिवाळीपर्यंत होईल का?" माझ्या लाजेला त्यांच्या लेखी एवढीच किंमत होती. मला त्याचंही वाईट वाटलं.

चाचांचे शंकू आम्ही लावले. तळाला पाणी भरून बघितलं, एक थेंब नाही. मग तिनं पुडीतून गुलाल सोडला. मोठ्या भांड्यात गुलाबी वावटळ उठली, तिथून हवा शंकूंमध्ये गेली, आणि आठही शंकूंतून गुलाल खालच्या डब्यात जमत गेला. मशिन बंद करून तिनं फिल्टर काढला. पुसटसा गुलाबी, ओठ पुसलेल्या रुमालासारखा. टेस्टरूमच्या काचेबाहेर चार-पाच जण बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या. कबुली दिली की मत्सर जातो असं मला वाटलं होतं. तो गेला नव्हता. फक्त आता तो मला ओळखू येत होता.

ती मात्र माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण "मॅडम" म्हणून. "मॅडम, वजन घेतलं." "मॅडम, सही पाहिजे." इतक्या वर्षांत तिनं मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. पंधरा दिवस ते चाललं. गणपती आले, गेले. जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांना चटणी वाढायची आणि माझ्या डब्याशी आली की, "मॅडम, घेणार?" म्हणून विचारायची. बाकीच्यांना विचारत नव्हती, सरळ वाढत होती.

बोलणं सुरू झालं ते मशिनमुळंच. धूळ अडत होती, पण ओढ कमी झाली होती. एवढ्या अरुंद वाटांतून हवा ढकलायची म्हणजे मोटरला दम लागतो. सोफ्यावरचे केस मशिन उचलेना. तिनं शंकू लांब केले, आखूड केले, मधल्या नळ्या बदलल्या. उपयोग झाला नाही. एका दुपारी मी टेस्टरूममध्ये गेले तेव्हा ती कागदावर आकडेमोड करत होती. मी शेजारी उभी राहून बघितलं. हवेचा दाब कुठं किती पडतो, हे मी इतकी वर्षं मोजत आले होते; या एका गोष्टीत मला कुठल्या वहीची गरज नव्हती.

"आठाचे बारा कर," मी म्हणाले. "हवा जास्त वाटांनी गेली की प्रत्येक वाटेवरचा भार कमी होईल. आणि हवा आत शिरते तिथं काटकोन आहे, तो काढ. गोलाई दे. अर्धा दम तिथंच जातोय."

तिनं पेन्सिल थांबवली. काटकोनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अगं येडे," ती ओरडली, "मग हे पंधरा दिवस गप का बसलीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी न्हाय विचारणार! मी रागात हाय!" असं म्हणून ती हसायला लागली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

चाचांकडं बारा शंकूंचं काम टाकायला आम्ही दोघी मिळून गेलो. दिवाळी काही गाठता आली नाही. साचे बनले, प्लास्टिकचे शंकू आले, त्यातले निम्मे वाकडे निघाले, परत साचे. गुढीपाडव्याच्या सुमाराला मशिन बाजारात गेलं. शेवटच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन' असा रकाना असतो. त्यात मी तिचं नाव माझ्या हातानं भरलं. भरताना आनंद झाला असं म्हणणार नाही. ते अक्षर थोडं तिरकं आलंय.

त्यानंतर दोन महिन्यांत मालकांनी तिला डिझाइनचं प्रमुख केलं. म्हणजे आता माझ्या रजेच्या अर्जावर ती सही करते. ती ते पद घ्यायच्या आधी मला विचारायला आली होती. "तुला चालंल का?" मी म्हणाले, चालणार नाही, पण घे. तिनं घेतलं.

परवाची गोष्ट. तिच्या लेकीला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिचा नवस होता, म्हणून आम्ही चौघी, दोघी आया आणि दोघी लेकी, नृसिंहवाडीला गेलो. दर्शन झालं, मुली घाटावर फोटो काढत होत्या. माझ्या लेकीला दहावीत बेताचेच गुण पडले होते. तिची लेक पायरीवर उभी राहून हसत होती, अगदी आईसारखी, आणि माझ्या मनात तो जुना मत्सर उठला. माझ्या आईचं वय होईपर्यंत हे असंच चालणार का, असं मनात आलं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले होते. का कोण जाणे, बोलून टाकलं.

"मला जळायला होतंय. आत्ता. तुझ्या लेकीवरनं."

ती माझ्याकडं न बघता नदीकडं बघत राहिली. "मलाबी व्हायचं की," म्हणाली. "तू गाडी घेऊन आमच्या अंगणात उतरलीस त्या दिवशी दोन घास उतरलं न्हाईत मला."

हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

"जळ तू," ती म्हणाली. "खरं, सांगून जळ."

मग तिनं मुलींना हाक मारली. कवठाची बर्फी घ्यायची राहिली होती आणि दुकानांपुढं गर्दी वाढत होती. तिची लेक पुढं गेली, माझी मागं रेंगाळली. मी माझ्या लेकीचा हात धरला आणि आम्ही चौघी दुकानांच्या ओळीकडं चालायला लागलो.